गांवच्या विहिरीची राखण

पिकाची राखण कशी करावी हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. ज्वारी हुरड्यास आली कीं माळ्यावर गोफण घेऊन माणूस बसतो. ऊंस वाढला कीं रानडुकरांच्या भयानें रात्रीं जागरण होतें. आणि बियाण्यास कीड लागूं नये म्हणून कणगींत कडुनिंबाचा पाला घालण्यास घरांतील म्हातारीं माणसें विसरत नाहींत. परंतु ज्या एका वस्तूवर सगळ्या गांवाचा जीव अवलंबून, त्या पिण्याच्या विहिरीची राखण मात्र पुष्कळ ठिकाणीं कोणाच्याच वांट्यास आलेली नसते. विहीर सर्वांची, म्हणून तिची काळजी कोणाचीच नाहीं, अशी ही स्थिति आहे. मृगाचे पहिले दोनतीन पाऊस झाले कीं घरोघर जुलाब-वांत्या सुरू होतात, आणि “पाणी बदललें” एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. पाणी बदललें हें खरें. पण तें कां बदललें, आणि तें बिघडूं नये म्हणून गांवास काय करतां येईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, “आतां घरोघर नळ आले, विहिरीची कथा कशाला?” परंतु नळ हा केवळ मार्ग आहे. पुष्कळ गांवीं त्या नळाच्या मुळाशीं विहीरच असते. विहिरींत दोष असेल तर पूर्वीं तो पोहऱ्यानें घरीं येई, आतां तो नळानें येतो, इतकाच फरक.

पाणी स्वच्छ दिसणें आणि शुद्ध असणें

पेलाभर पाणी उजेडाकडे धरून पाहिलें, त्यांत गाळ नाहीं, वास नाहीं, चव गोड आहे, म्हणजे तें शुद्ध असें आपण समजतों. ही समजूत धोक्याची आहे. गाळ डोळ्यांस दिसतो. रोगाचे जंतु दिसत नाहींत. पटकी, विषमज्वर, हगवण आणि काविळीचे कांहीं प्रकार हे रोग, रोग्याच्या विष्ठेंतून बाहेर पडलेले जंतु दुसऱ्याच्या तोंडांत गेल्यानें होतात. आणि त्यांस एका घरून दुसऱ्या घरीं नेणारें मुख्य वाहन पाणी होय.

१८५४ सालीं लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीची भयंकर साथ आली. तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर हिंडून, कोणत्या घरीं मृत्यु झाले आणि त्या घरचें पाणी कोठून येत होतें, याची नोंद केली. बहुतेक मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास झालेले आढळले. त्या पंपाचें पाणी दिसण्यांत फारसें वाईट नव्हतें. लांब राहणारी एक वृद्ध बाईसुद्धां तें आवडीनें मागवून पीत असे, आणि तीहि पटकीनेंच गेली. स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यांत आला. पंपाच्या विहिरीजवळील एका घराचा मैलाखड्डा आंतल्या आंत पाझरत होता, हें पुढें उघडकीस आलें. तीस वर्षांनीं, १८८४ सालीं, रॉबर्ट कॉख यांस कलकत्त्यांत पटकीचा जंतु रोग्यांच्या आंतड्यांत आणि लोकांच्या नित्य वापरांतील एका तळ्याच्या पाण्यांतहि सांपडला.

आपल्याकडे पटकीची साथ आली कीं मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडीत. पुढचें गांव तो आणखी पुढें लोटी. त्या लोकांस हंसण्याचें कारण नाहीं. रोग एका घरापुरता नसतो, त्याच्याशीं सगळ्या गांवानें मिळूनच झुंजलें पाहिजे, हें त्यांनीं पुरतें ओळखलें होतें. चूक एवढीच झाली कीं, ज्या रोगास ते शिवेवर पोंचवीत होते तो मागें पाणवठ्यांतच राहिलेला असे.

नारूचा धडा

सगळें गांव एकदिलानें वागलें तर काय घडतें, याचें उत्तम उदाहरण नारूचें आहे. ज्यांनीं साठी ओलांडली आहे अशा पुष्कळ वाचकांस हा रोग आठवत असेल. पायावर फोड येई, त्याची आग होई, आणि फोड फुटून सुतासारखा पांढरा जंत बाहेर डोकावे. तो काडीस गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे; कधीं कधीं त्याची लांबी दोन हात भरे. शेतकरी कित्येक आठवडे अंथरुणास खिळून राही, आणि पेरणी-मळणीचे दिवस तसेच निघून जात.

हा जंत पसरे तो पायविहिरींतून. आग शमविण्यासाठीं रोगी पायऱ्या उतरून पाण्यांत पाय बुडवी, त्या वेळीं जंताची असंख्य सूक्ष्म पिलें पाण्यांत सुटत. पाण्यांतील बारीक पिसवा तीं गिळीत. त्या पिसवा पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत जात. आणि सुमारें वर्षानें त्याच्या पायास फोड येई. या रोगावर ना लस होती, ना जंत मारणारें औषध. १९८४ सालीं आपल्या देशांत नारूचे सुमारें ४०,००० रोगी नोंदले गेले, आणि महाराष्ट्र हा बाधित राज्यांपैकीं एक होता. उपाय काय केले? पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांवर रहाट बसविले. पाणी दाट फडक्यानें गाळून घेण्याची संवय लावली. पिसवा मारण्यासाठीं पाण्यांत औषध टाकलें. घरोघर शोध घेऊन रोग्यास पाण्यांत उतरूं दिलें नाहीं. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. एक मोठा रोग मुख्यतः पाणवठ्यावरील वागणूक सुधारल्यानें देशांतून गेला, ही गोष्ट प्रत्येक ग्रामसभेनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नारूचा वाहक फडक्यानें अडत असे. पटकीचा व विषमज्वराचा जंतु त्याहून फार सूक्ष्म, तो फडक्यानें अडेल असा भरंवसा नाहीं. म्हणून विहिरीची बांधणी आणि पाण्याचें शुद्धीकरण या दोन गोष्टींकडे वळलें पाहिजे.

विहीर कशी असावी

पिण्याची विहीर उकिरडा, संडासाचा शोषखड्डा, गोठ्याची मोरी आणि सांडपाण्याचें डबकें यांपासून निदान १५ मीटर, म्हणजे सुमारें ५० फूट, दूर व उंचवट्याच्या बाजूस असावी. आंतून निदान ६ मीटर खोलीपर्यंत पाणी न झिरपणारें पक्कें बांधकाम असावें, म्हणजे वरवरचें घाण पाणी आंत न जातां जमिनीच्या थरांतून गाळून जाईल. कांठास ७० ते ७५ सेंटिमीटर उंचीचा कठडा, भोंवतीं एक मीटर रुंदीचा बाहेर उतरता सिमेंटचा ओटा, ओट्याचें पाणी लांब नेणारी नाली आणि वर झांकण, एवढें असलें म्हणजे विहीर बरीचशी सुरक्षित झाली. प्रत्येक घरचा पोहरा आणि दोर अंगणाच्या मातींत लोळून विहिरींत उतरतो, म्हणून विहिरीस पंप बसवावा, अथवा एकच समाईक पोहरा कायमचा टांगून ठेवावा. ओट्यावर कपडे, भांडीं, जनावरें धुऊं नयेत.

जुन्या विहिरीस हें सर्व एका वर्षांत होणार नाहीं. पण उकिरडा हलविण्यास पैसा लागत नाहीं. उकिरड्याचें खत हें शेतकऱ्याचें धन आहे, तें टाकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उघड्या उकिरड्यांतील नत्र पावसानें झिरपून विहिरींत गेलें, तर खताचा कस जातो आणि पाणीहि बिघडतें. एकाच चुकीनें दोन नुकसानी होतात. युरियाच्या अतिरेकानेंहि हेंच घडतें. दर लिटर पाण्यांत ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असूं नये अशी आपल्या देशांतील मर्यादा आहे. त्याहून अधिक असलेलें पाणी वरच्या दुधांत मिसळून सहा महिन्यांच्या आंतील बालकास दिलें, तर त्याचें अंग निळसर पडून जीवास अपाय होऊं शकतो. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. तसेंच औषध फवारणीचा पंप व औषधाचे डबे विहिरीच्या कांठीं कधींहि धुऊं नयेत.

पाण्याचें मोजमाप

विहिरींतील जंतु मारण्यासाठीं ब्लीचिंग पावडर वापरतात. ग्रामपंचायतींत हिलाच टी. सी. एल. पावडर म्हणतात. “मूठभर टाकली, झालें काम” अशी रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. ती सोडली पाहिजे. खताची मात्रा आपण एकरावर ठरवितों, तशी पावडरीची मात्रा पाण्यावर ठरवावी लागते. दोरास दगड बांधून पाण्याची खोली मोजावी, विहिरीचा व्यास मोजावा, आणि पुढील हिशेब करावा : व्यासास व्यासानें गुणावें, त्यास पाण्याच्या खोलीनें गुणावें, आणि आलेल्या संख्येस ०.७८५ नें गुणावें. मापें मीटरमध्यें असतील तर उत्तर घनमीटरांत येतें. त्यास १,००० नें गुणलें कीं लिटर होतात.

उदाहरण. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाण्याची खोली ३ मीटर. ४ × ४ × ३ × ०.७८५ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर. ताजी पावडर सामान्यतः दर १,००० लिटरांस २.५ ग्रॅम लागते. म्हणून या विहिरीस सुमारें ९५ ग्रॅम पावडर पाहिजे. पावसाळ्यांत त्याच विहिरींत पाणी ६ मीटरांवर चढलें, तर पाणी दुप्पट झालें आणि पावडरहि दुप्पट, सुमारें १९० ग्रॅम लागेल. उन्हाळ्याची मात्रा पावसाळ्यांत घातली, तर जंतु जगतात आणि गांव मात्र निर्धास्त राहतो.

दुसरी गोष्ट पावडरीच्या कसाची. ताज्या पावडरींत शेंकडा ३३ भाग क्लोरिन असतो. उजेड, ऊन आणि दमट हवा यांनीं तो उडून जातो. कस शेंकडा २५ वर आला असेल, तर वरील विहिरीस ९५ ऐवजीं सुमारें १२५ ग्रॅम पावडर घालावी लागेल. म्हणून पिशवी उघडी टाकूं नये. थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवावी, आणि एकदम वर्षाचा सांठा न करतां थोडी थोडी आणावी.

पावडर घालण्याची रीति

संध्याकाळीं पाणी भरणें संपल्यावर हें काम करावें. मोजलेली पावडर बादलींत घेऊन थोड्या पाण्यानें तिची पेज करावी. एका बादलींत १०० ग्रॅमहून अधिक घेऊं नये. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावें आणि पांच ते दहा मिनिटें स्वस्थ ठेवावी. चुना तळाशीं बसतो. वरचें निवळ पाणी दुसऱ्या बादलींत ओतून घ्यावें. खालचा चुना विहिरींत टाकूं नये, त्यानें पाणी जड होतें. निवळ पाण्याची बादली दोरानें विहिरींत पाण्याखालीं सोडून वरखालीं व चोहोंकडे जोरानें हलवावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळेल. त्यानंतर निदान एक तास पाणी काढूं नये. रात्रभर राहिलें तर उत्तमच. पाणी गढूळ असेल तर मात्रा अधिक लागते. गांवांत पटकी अथवा जुलाबाची साथ असेल तर पावडर रोज घालावी. पावडर डोळ्यांत व श्वासांत जाऊं देऊं नये, आणि ती मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

घातलेली मात्रा पुरेशी झाली कीं नाहीं, हें अंदाजानें सांगतां येत नाहीं. तासाभरानंतर दर लिटरास निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन पाण्यांत शिल्लक असला पाहिजे. ग्रामपंचायतीजवळ यासाठीं ओ. टी. चाचणीची पेटी असते. पाण्यांत थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, न आला तर मात्रा अपुरी पडली. नळ असलेल्या गांवीं ही चाचणी टांकीजवळच्या घरीं न करतां अगदीं शेवटच्या घरीं करावी, कारण क्लोरिन संपतो तो तेथें. कित्येकांस या पाण्याचा वास आवडत नाहीं. तो सौम्य वास म्हणजे राखणदाराची हाळी समजावी. ती ऐकूं येते तोंवर राखण चालूं आहे.

परंतु या औषधानें सर्व दोष जातात असें मात्र नाहीं. नायट्रेट, फ्लोराइड आणि फवारणीचीं विषें क्लोरिननें जात नाहींत. म्हणून वर्षांतून एकदां रासायनिक आणि पावसाळ्यापूर्वीं व नंतर अशी दोनदां जंतूंची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी, आणि तिचा निकाल चावडीवर सर्वांस वाचतां येईल असा लावावा.

घरांतील पाणी आणि घरांतील रोगी

विहिरीवर शुद्ध केलेलें पाणी घरांत येऊन पुन्हा बिघडतें. घागर रोज घांसावी, तीवर झांकण असावें, आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानें घ्यावें. हात किंवा पेला आंत बुडवूं नये. शौचानंतर, आणि स्वयंपाकापूर्वीं व मुलास भरविण्यापूर्वीं, साबणानें हात धुवावे. साथीच्या दिवसांत पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळूं द्यावें आणि झांकून निववावें.

इतकें करूनहि घरीं कोणास जुलाब लागले, तर घाबरून न जातां पहिल्या जुलाबापासूनच पाणी व क्षार भरून काढावे. जुलाबानें माणूस दगावतो तो बहुधा शरीरांतील पाणी आटल्यामुळें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महलनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी तोंडानें पाजण्याचा मार्ग धरला. रोग्यांच्या नातेवाइकांनींच तें पाजलें, आणि शेंकडा ३० च्या घरांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४ च्याहि खालीं आलें. आज तीच भुकटी ओ. आर. एस. या नांवानें आरोग्य उपकेंद्रांत व आशाताईंजवळ मिळते. ती पाकिटावर लिहिल्याप्रमाणें मोजून पाण्यांत कालवावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. मीठ यापेक्षां अधिक होऊं देऊं नये. तें घातक आहे. हें पाणी घोटघोट पाजावें आणि २४ तासांनंतर उरलेलें फेकून द्यावें. तान्ह्या बालकास अंगावर पाजणें बंद करूं नये. मुलास जस्ताच्या गोळ्या किती दिवस द्याव्या, हें आरोग्य सेविकेस विचारून ठरवावें. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडलें, पाणी पोटांत ठरेना किंवा शौचांतून रक्त पडूं लागलें, तर एक घटकाहि न दवडतां दवाखाना गांठावा. वाटेंतहि पाणी पाजीत राहावें.

एका घरीं जुलाब झाले तर तें लपवूं नये. ती बातमी त्याच दिवशीं आरोग्य केंद्रास कळली, तर बाकीचीं घरें वांचतात.

राखण सर्वांची

विहिरीची राखण अर्ध्या गांवापुरती करतां येत नाहीं. ज्या वस्तीस चांगलें पाणी मिळत नाहीं ती ओढ्याचें किंवा डबक्याचें पाणी पिते, आणि तेथें उद्भवलेला रोग बाजारांतून, शाळेंतून व शेतांतील समाईक कामांतून सगळ्या गांवांत हिंडतो. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाड येथें हजारो लोकांसह चवदार तळ्याचें पाणी घेतलें. ते लढे माणुसकीच्या हक्काचे होते, आणि तो हक्क पुढें राज्यघटनेनें मान्य केला. आरोग्यशास्त्रहि त्याच निर्णयास येतें : गांवांतील एकहि घर वाईट पाण्यावर राहिलें, तर कोणाचेंच घर सुरक्षित नाहीं.

आतां प्रश्न उरतो तो काम कोणी करावयाचें हा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पावडर घालतो; पण त्यानें ती मोजून घातली कीं नाहीं, हें पाहण्याचें काम गांवाचें आहे. विहिरीजवळ एक वही टांगावी. तारीख, पाण्याची खोली, पावडरीचें वजन आणि सकाळच्या चाचणीचा निकाल, एवढे चार रकाने पुरेत. शाळेंतील वरच्या वर्गाच्या मुलांनीं आळीपाळीनें चाचणी करावी. त्यांचें गणितहि पक्कें होईल. पाणी भरणाऱ्या मायभगिनींस पाण्यांतील फरक सर्वांआधीं कळतो, म्हणून त्यांच्यापैकीं निदान दोघी पाणी समितींत असाव्या, आणि त्यांच्या तक्रारीची नोंद वहींत व्हावी.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढील मृगापूर्वीं एक संध्याकाळ या कामास द्यावी. दोर व दगड घेऊन विहिरीवर जावें, व्यास आणि खोली मोजावी, उकिरडा किती पावलांवर आहे तें पाहावें, आणि वरील हिशेब आपल्या विहिरीपुरता करून चावडीच्या भिंतीवर लिहून ठेवावा. शेतांतील एक हंगाम बुडाला तर पुढचा हाताशीं असतो. पाण्यापायीं घरांतील मूल गेलें तर तें परत येत नाहीं.